रेघेपर्यंत भर गं

डीएमएलटी झालीस, परतूरला घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर लॅबमध्ये नोकरी लागली, आईने गल्लीभर पेढे वाटले. सगळं छान झालं. आता जरा निवांत बस आणि माझं ऐक. कॉलेजात मशीन शिकवतात, रुग्णाच्या दंडावर बोट कसं ठेवायचं ते मात्र ज्याचं त्यानं शिकायचं असतं. बाकीच्या तपासण्यांत थोडं उन्नीस-बीस झालं तरी एखादवेळ निभून जातं. रक्त गोठण्याच्या तपासणीत निभत नाही. चिठ्ठीवर पीटी, आयएनआर, एपीटीटी यातलं काहीही दिसलं की गप्पा बंद करायच्या आणि फोन उलटा ठेवायचा.

का ते सांगते. हिमोग्लोबिन मोजताना रक्तात असलेली एक वस्तू आपण मोजतो. इथं आपण एक घडणारी गोष्ट मोजतो. रक्त शिरेबाहेर पडलं की गोठायला निघतंच. आपण सायट्रेट घालून त्याला वाटेत अडवतो, लॅबमध्ये नेतो, फिरवून प्लाझ्मा वेगळा करतो, मग रिजेंट आणि कॅल्शियम घालून त्याला पुन्हा सोडतो आणि गुठळी धरायला किती सेकंद लागले ते बघतो. दंडाला पट्टा बांधल्यापासून मशीनपर्यंत त्या रक्ताचं जे काही झालं, ते सगळं त्या सेकंदांत उतरतं. मशीन खोटं बोलत नाही. त्याला जे पाजलं त्याचाच ते हिशोब देतं.

निळ्या झाकणाचा बल्ब हातात घे आणि उजेडात धर. तळाशी थोडं पाण्यासारखं दिसतं ना, ते 3.2 टक्क्यांचं सोडियम सायट्रेट. आपल्याकडच्या नेहमीच्या बल्बमध्ये ते 0.3 मिलि असतं आणि वर 2.7 मिलि रक्त जायचं असतं. नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. लेबलवर एक बारीक रेघ किंवा बाण असतो, तिथपर्यंत. आता म्हातारी बाई आहे, शीर सापडत नाही, कसंबसं दीड मिलि आलं आणि तू म्हणालीस, चालतंय. वरण अर्धं पातेलं आणि मीठ मात्र पूर्ण पातेल्याचं, तसं होतं ते. सायट्रेटचं काम रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवणं. जास्तीचं सायट्रेट उरलं की लॅबमध्ये आपण जे कॅल्शियम नव्याने घालतो तेही ते गिळतं. गुठळी उशिरा धरते, सेकंद वाढतात, आयएनआर फुगतो. म्हातारीचं रक्त होतं तसंच आहे, रिपोर्ट मात्र सांगतो की फार पातळ झालंय.

आणि इथून पुढे जे होतं ना, ते आपल्या डोळ्यांसमोर होत नाही, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. परतूर, मंठा, घनसावंगी, कुठल्याही तालुक्यात जा, लहानपणी घसा धरून सांधे सुजण्याचा ताप आला आणि पुढे हृदयाची झडप खराब झाली अशी माणसं, त्यातही बायका, तुला भेटतीलच. कुणाची झडप बदललेली असते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत घडलेली आपली देशी टीटीके-चित्रा झडप पहिल्यांदा 6 डिसेंबर 1990 ला एका माणसाच्या हृदयात बसली, आणि तेव्हापासून गरिबाच्या आवाक्यात झडप आली. पण अशी धातूची झडप बसवली की रक्त पातळ करायची गोळी जन्मभराची, आणि ती गोळी किती द्यायची हे ठरतं आयएनआरवर. साधारण 2 ते 3, झडप डावीकडची मायट्रल असेल तर 2.5 ते 3.5. त्यात तुझ्या अर्ध्या बल्बने 3 चा 4.5 केला, डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, बाई घरी गेली. खरा आयएनआर आता दीडवर. झडपेवर गुठळी धरते, नाहीतर तिचा तुकडा निघून मेंदूत जातो. घरचे म्हणतात, बाईला लकवा मारला. त्या लकव्याचा माग काढत कुणी बल्बपर्यंत येत नाही.

मी ज्या गावात पहिल्यांदा काम केलं तिथं अशी एक काकू यायची. हातावर कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण, त्याखाली शीर दिसायची नाही, बोटानेच चाचपावी लागायची. महिनाभर आयएनआर जागेवर आणि एकदम दुप्पट. घरच्यांनी मेथीला दोष दिला, पालकाला दिला, सुनेलाही दिला. खरं तर पालेभाजी जास्त खाल्ली तर आयएनआर उतरतो, चढत नाही, त्यामुळे मेथी निर्दोषच होती. काकूला विचारलं, तर म्हणाली मागच्या खेपेला शीर सापडत नव्हती, दोन ठिकाणी टोचलं, थोडंच निघालं. दुसऱ्या हाताने पूर्ण बल्ब भरून रिपीट केलं, आकडा जागेवर. म्हणून सांगते, आयएनआर अचानक उडी मारतो आणि रुग्ण म्हणतो की मी तीच गोळी, तेवढीच, त्याच वेळेला घेतली, तेव्हा गोळीच्या आधी बल्बावर संशय घे. आणि डॉक्टरांना तसं सांगायला लाजू नको. चांगले डॉक्टर उलट आभार मानतात.

दोन अर्धे निळे बल्ब एकात ओतून एक पूर्ण करायची युक्ती तुला कुणीतरी शिकवेलच. ती शिकू नको. रक्त वाढलं तसं सायट्रेटही दुप्पट झालं, प्रमाण होतं तिथंच राहिलं. त्याहून वाईट म्हणजे जांभळ्यातलं थोडं निळ्यात ओतणं. जांभळ्यात ईडीटीए असतं, ते कॅल्शियमला सायट्रेटपेक्षा घट्ट धरतं. रक्त गोठवणारा पाचवा आणि आठवा घटक खोटाच कमी दिसतो, आणि चांगल्या माणसाला हिमोफिलिया असल्यासारखा कागद हातात पडतो. म्हणूनच आधी निळा भरायचा, मग लाल, शेवटी जांभळा आणि करडा. ब्लड कल्चर असेल तर तेवढं निळ्याच्याही आधी. फुलपाखरू सुईने काढत असशील तर तिच्या नळीत हवा असते, ती पहिल्या बल्बात शिरते आणि तेवढं रक्त कमी पडतं. म्हणून आधी एक फेकायचा बल्ब लावायचा आणि मग खरा. मालक म्हणतील बल्ब वाया जातो. जाऊ दे.

पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. शीर सापडत नाही म्हणून सुई आत ठेवून इकडेतिकडे खुपसत राहिलीस तर मांसातलं रक्त गोठवणारं द्रव्य सॅम्पलमध्ये येतं आणि बल्बात जायच्या आधीच गोठणं सुरू होतं. अशा वेळी सुई काढ, दुसरा हात बघ, पाणी पाज, पाच मिनिटं बसव. एवढ्या पहाटे उपाशी यायची गरजही नसते गं, आयएनआरला उपास लागत नाही. आपल्याकडे लोक सवयीने उपाशी येतात आणि चक्कर येऊन पडतात. सिरिंजने काढलंस तर रेंगाळू नको. सुई काढून बल्बाच्या भिंतीवरून हळू सोड, जोरात दाबलंस की पेशी फुटतात आणि प्लाझ्मा लालसर होतो. लगेच बल्ब चार-पाच वेळा सावकाश उलटासुलटा कर. हलवायचा नाही, उलटायचा. मी एक मुलगा बघितलाय, खोकल्याच्या औषधाची बाटली हलवावी तसा निळा बल्ब हलवायचा आणि वर म्हणायचा, मिक्स चांगलं झालं पाहिजे. प्लेटलेट्स तिथंच चाळवल्या जातात.

फिरवायच्या आधी बल्ब तिरका करून बघ, आत फायब्रिनचा धागा किंवा मसुराएवढी गुठळी दिसते का. दिसली तर सॅम्पल गेलं. गुठळी काढून टाकून उरलेलं लावू नको, कारण फायब्रिनोजेन आणि बाकीचे घटक त्या गुठळीतच संपलेले असतात. कधी सेकंद वाढतात, कधी उलट कमी होतात, भरवसा नाही.

आता आपल्या उन्हाचं बघू. मे महिन्यात परतूरला पारा चाळिशीच्या वर असतो आणि सॅम्पल नेणारा पोरगा मोटरसायकलच्या डिक्कीत पिशवी टाकून जालन्याला निघतो. या तपासण्यांना 18 ते 24 अंश लागतात. उन्हात पाचवा आणि आठवा घटक आधी मरतात. म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि बल्ब बर्फात पुरतात. तेही चुकीचं. न फिरवलेलं रक्त थंडीत ठेवलं की सातवा घटक आपोआप जागा होतो आणि पीटी खोटीच कमी येते. थर्माकोलचा डबा घे. आत थंड पॅक ठेवलाच तर जाड कापडात गुंडाळ, बल्बाला टेकू देऊ नको, आणि एक साधा थर्मामीटर आत टाक. वेळेचंही भान हवं. बंद बल्बात पीटी चोवीस तास टिकते, एपीटीटी चारच तास. रुग्णाला हेपारिन, म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन, चालू असेल तर तासाभरात फिरवलंच पाहिजे, नाहीतर प्लेटलेट्समधून निघणारं प्रथिन हेपारिनला निष्प्रभ करतं आणि डॉक्टर समजतात डोस कमी पडतोय. म्हणून बल्बावर नावाबरोबर रक्त काढल्याची वेळ लिही. तारीख लिहून भागत नाही.

बर्फाचा विषय निघालाच आहे तर बायकांचं एक सांगते. पाळीत भरमसाट रक्त जाणं हे आपल्याकडे नशीब समजतात. आईला जायचं, मावशीला जायचं, मग हिलाही जाणारच. यातल्या काहींना वॉन विलेब्रँड नावाचा रक्तस्रावाचा आनुवंशिक आजार असतो. एरिक वॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरने 1926 मध्ये तो पहिल्यांदा लिहून ठेवला, ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबावरून. त्यातली एक मुलगी तेरा वर्षांची असताना चौथ्या पाळीच्या रक्तस्रावाने गेली. आता गंमत बघ, या आजारात जे प्रथिन कमी असतं तेच न फिरवलेलं रक्त बर्फात तासन्‌तास ठेवलं की सॅम्पलमध्ये खाली येतं. म्हणजे धडधाकट पोरीला कागदावर आजार चिकटतो. आपल्या समाजात लग्नाच्या पोरीच्या नावावर असा कागद निघाला की काय होतं, ते तुला वेगळं सांगायला नको. उलटंही घडतं. पोर घाबरून रडली, जिना चढून धापा टाकत आली, गरोदर आहे, तर तेच प्रथिन वाढतं आणि खरा आजार झाकला जातो. शिवाय ओ रक्तगटाच्या माणसांत ते मुळातच थोडं कमी असतं. या तपासणीसाठी तिला आधी बसवायचं, शांत करायचं. आणि खरं सांगू, अशी शंका असेल तर परतूरहून सॅम्पल पाठवू नको, पोरीलाच पाठव. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्तविकारांचीच संस्था आहे. एका रात्रीचा रेल्वेचा प्रवास आहे. आईबापाला पटवायचं काम मात्र तुझं. पैशाचं कारण सांगतील, खरं कारण लोक काय म्हणतील हेच असतं.

ग्रामीण रुग्णालयातून कधी बोलावणं आलं तर पावसाळ्यात येईल. सोयाबीनच्या खुरपणीला घोणस चावते, बांधावर फुरसं चावतं. या दोघांचं विष गोठण्याचे घटक खाऊन टाकतं. नाग-मण्यारचं काम वेगळं, ते नसांवर जातात. रात्री दोन वाजता कुठलं मशीन आणि कुठली पीटी? तिथं एकच तपासणी, वीस मिनिटांची. दोन मिलि ताजं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, हात न लावता वीस मिनिटं ठेवायचं आणि एकदाच तिरकं करायचं. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात भिनलंय, सर्पविषाची लस सुरू करायची. गोठलेलं जागेवर राहिलं तर तूर्त थांबायचं, पण पुन्हा पुन्हा बघत राहायचं.

इथं नळी हेच यंत्र आहे, हे डोक्यात पक्कं बसव. नळीतल्या रक्ताला वेळेत गोठायला काचेचा स्पर्श लागतो, बारावा घटक काचेवरच जागा होतो. प्लॅस्टिकच्या नळीत चांगल्या माणसाचं रक्तही वेळेत गोठेलच असं नाही. आणि कुणी भली आया काचेची नळी साबणाने स्वच्छ धुऊन ठेवते ना, तीही बाद, साबणाने काचेचा तो गुणच जातो. मग न चावलेल्याला, किंवा बिनविषारी सापाने चावलेल्याला, लशीच्या बाटल्या चढतात. त्या लशीचीही रिॲक्शन येते, कधी जिवावर बेतेल इतकी. म्हणून नव्या काचेच्या नळ्यांचा एक डबा वेगळा ठेवायला सांग आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिही, धुवायच्या नाहीत. शंका आली तर सोबत आलेल्या नातेवाइकाचं दोन मिलि रक्त तशाच दुसऱ्या नळीत घे. त्याचंही नाही गोठलं तर खोट नळीत आहे. लस दिल्यावर दर सहा तासांनी पुन्हा तपासायचं, कारण यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतोच. दर अर्ध्या तासाला टोचून काही उपयोग नाही, उलट टोचलेल्या जागा वाहत राहतात.

डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातले, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन चालतं हे त्यांनी कोकणात, महाडच्या भागात रुग्णांशेजारी रात्र-रात्र बसून शोधून काढलं, सर्पदंशावरही आयुष्यभर काम केलं, 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. मोठी लॅब नव्हती त्यांच्याकडे. तेव्हा तालुक्याच्या गावी काय होणार, हे वाक्य माझ्यासमोर बोलू नको.

एक जरा अवघड गोष्ट राहिली, ती वहीत लिहून घे. काही मुलांच्या ओठांना, नखांना निळसर झाक असते, जन्मतःच हृदयात दोष असतो. त्यांचं रक्त घट्ट होतं, हिमॅटोक्रिट 55 च्या वर जातं. रक्तात पेशी जास्त म्हणजे प्लाझ्मा कमी, आणि सायट्रेट तर प्लाझ्मातच राहतं. रेघेपर्यंत बरोबर भरलंस तरी सायट्रेट जास्तच पडतं, आणि ऑपरेशनच्या आधीच्या रिपोर्टमध्ये पोराचं रक्त गोठत नाही असं येतं. आईबाप घाबरतात, ऑपरेशन पुढे ढकललं जातं. अशा वेळी आधी सीबीसी बघायचा. हिमॅटोक्रिट 60 असेल तर 2.7 मिलिच्या बल्बात सायट्रेट 0.3 ऐवजी 0.2 हवं, म्हणजे ट्युबरक्युलिन सिरिंजने झाकणातूनच 0.1 मिलि काढून घ्यायचं. झाकण उघडायचं नाही, आतली निर्वात पोकळी जाते. हे स्वतःच्या मनाने करू नको, पॅथॉलॉजिस्टना फोन कर, आणि बल्बावर तसं लिही. रक्त कमी असलेल्या बायकांत, त्या तर तुला रोज भेटतील, असं काही करावं लागत नाही.

सलाईन चालू असलेल्या हातातून काढू नको हे तुला माहीत आहे, तरी सांगते. डायलिसिसच्या कॅथेटरमधून तर नकोच, त्यात हेपारिन भरलेलं असतं. अगदीच इलाज नसेल तर आधी सलाईनने धुवायचं, पहिले पाच मिलि फेकायचे, मग घ्यायचं, आणि चिठ्ठीवर ते लिहायचं.

सगळ्यात जड काम सॅम्पल रिजेक्ट करायचं. मशीनला लावून टाकणं सोपं आहे, कुणी विचारत नाही. परत बोलावलंस की नातेवाईक आवाज चढवतात. एवढं रक्त काढलंत, आता आणखी? गावाहून यायला तिकीट लागत नाही का? खरं आहे त्यांचं, वाटूरहून किंवा आष्टीहून यायला मजुरी बुडते. त्यांच्याशी वाद घालू नको आणि मशीन बिघडलं असलं खोटंही सांगू नको. सरळ सांग, काकू, रक्त थोडं कमी भरलं, या रक्तावर गोळी ठरवली तर धोका तुम्हाला आहे, दुसऱ्यांदा पैसे घेणार नाही. शेवटचं वाक्य मालकांकडून आधीच मंजूर करून घे, पहिल्या पगाराच्या आधी. नंतर ते ऐकत नाहीत.